अपडेटनंतर प्लगिन बंद पडले तर

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



वर्धापनदिनाच्या व्याख्यानमालेत मला बोलावयास सांगितलेत याबद्दल मी चिटणीसबाईंची आभारी आहे. विषय कोणता घ्यावा असे विचारता त्या म्हणाल्या, “गेले वर्षभर सभासद तुमच्याकडे ज्या तक्रारी घेऊन येतात त्यांतलीच एखादी घ्या.” आठवून पाहिले तर निम्म्याहून अधिक तक्रारी एकाच जातीच्या निघाल्या. “काल संध्याकाळपर्यंत चालत होते हो! रात्री काहीतरी अपडेट झाले आणि आज सकाळपासून बंद.” तेव्हा ब्राउझरचे अपडेट झाल्यावर त्याला जोडलेले प्लगिन बंद पडले तर घाबरून न जाता काय करावे, आणि विशेषतः काय करू नये, एवढाच माझा आजचा विषय आहे.

प्रथम शब्दांचा उलगडा करू. ब्राउझर म्हणजे क्रोम, फायरफॉक्स यांसारखा, इंटरनेटवरील पाने दाखवणारा कार्यक्रम. त्याच्या अंगी नसलेले एखादे काम करून घेण्यासाठी बाहेरून जो छोटा भाग जोडतात त्याला आपण बोलताना प्लगिन म्हणतो; त्याचे आजचे खरे नाव एक्स्टेन्शन. कुणी मराठी टंकनासाठी ते घेतलेले असते, कुणी जाहिराती अडवण्यासाठी, कुणी पासवर्ड सांभाळण्यासाठी, तर कुणी पानावरचा मजकूर मोठ्याने वाचून घेण्यासाठी. तो ब्राउझर एकाने केलेला असतो आणि हा जोडभाग दुसऱ्याने. आपल्या घरच्या मिक्सरचेच पाहा ना. यंत्र एका कारखान्याचे आणि भांडे बाजारातून वेगळे आणलेले. दोघांचा मेळ बसला आहे तोपर्यंत चटणी उत्तम वाटली जाते. पुढे यंत्र बदलले आणि त्याचे दाते निराळे निघाले की भांडे चांगले असूनही फिरत नाही. दोष भांड्याचाही नसतो आणि यंत्राचाही नसतो. बिघाड असतो तो सांध्यात.

हा सांधा वारंवार का हलतो? कारण ब्राउझर सारखा बदलत असतो. फायरफॉक्सने २०२० साली आणि क्रोमने २०२१ साली आपल्या नव्या आवृत्त्यांमधील अंतर चार आठवड्यांवर आणले. अपडेटे आपोआप उतरतात, आपल्याला कुणी विचारीत नाही. मग काही मैत्रिणी म्हणतात, “अपडेटच बंद करून टाकू या, कटकट नको.” भगिनींनो, हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये चित्रे उलगडून दाखवणाऱ्या एका सामाईक भागात असे भगदाड सापडले की, मुद्दाम बिघडवलेले एखादे चित्र नुसते पाहिल्याने परक्याला आपल्या यंत्रात शिरकाव मिळावा. क्रोम आणि फायरफॉक्स या दोघांनीही लागलीच दुरुस्ती धाडली. ज्यांनी अपडेट बंद ठेवले होते त्यांचे दार मात्र उघडेच राहिले. तेव्हा अपडेट चालू ठेवावयाचे आणि त्यामुळे अधूनमधून होणारा खोळंबा निस्तरावयास शिकावयाचे, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

बिघाडांचे मला तीन प्रकार दिसतात.

पहिला प्रकार म्हणजे दारच कायमचे बंद झाल्याचा. पूर्वी फ्लॅश नावाचे एक प्लगिन घरोघर असे. मुलांचे खेळ आणि चलच्चित्रे त्यावर चालत. ते ज्या अॅडोबी कंपनीचे होते तिनेच ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा सांभाळ थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून ते चालेनासे केले. त्याआधी, १४ नोव्हेंबर २०१७ रोजी, फायरफॉक्सची ५७ वी आवृत्ती निघाली आणि जुन्या पद्धतीने लिहिलेली सगळी जोडणी एका दिवसात निकामी झाली. जुन्या पद्धतीत जोडभागाला ब्राउझरच्या पोटात कोठेही हात घालता येई. त्यामुळे ब्राउझरचा वेग वाढवणे अवघड होई आणि सुरक्षितताही राहत नसे. याची पूर्वसूचना २०१५ सालीच दिलेली होती; पण सूचना वाचतो कोण? अगदी अलीकडे क्रोमनेही असेच केले. २०२४ च्या जूनपासून जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शने टप्प्याटप्प्याने बंद करीत आणून २०२५ साली ती पुरती थांबवली. जाहिराती अडवणारे ‘यूब्लॉक ओरिजिन’ हे लाखो लोकांचे आवडते साधन त्यात गेले. सुरक्षितता आणि वेग यांसाठी हा बदल केला असे गूगलचे म्हणणे. जाहिराती अडवणाऱ्यांचे हात त्याने बांधले गेले, असे टीकाकारांचे म्हणणे. वाद काहीही असो. या प्रकारात आपण कितीही खटपट केली तरी उपयोग नसतो. ‘या आवृत्तीत हे चालत नाही’ असे ब्राउझर स्पष्ट सांगत असेल, तर त्याच कर्त्याने नव्या पद्धतीचे काही केले आहे का ते पाहावे. यूब्लॉकच्या कर्त्याने ‘लाइट’ नावाचे लहान भावंड केलेलेच आहे. तसे काही नसल्यास दुसरा ब्राउझर वापरावा.

दुसरा प्रकार परवानगीचा. नव्या आवृत्तीत एक्स्टेन्शनला काही जास्त अधिकार हवा असेल, तर क्रोम ते आपण होऊन बंद ठेवतो आणि आपली संमती मागतो. आमच्या एका वडीलधाऱ्या सभासद काकूंची गोष्ट सांगते. त्यांची नजर अधू झाली आहे. वर्तमानपत्र त्या वाचणाऱ्या एक्स्टेन्शनकडून ऐकतात. दुपारचा एवढाच त्यांचा विरंगुळा. एके दिवशी ते मुके झाले. नातवाने घाईने “काढून टाक आजी, पुन्हा घालू” असा सल्ला दिला. काकूंनी तसे केले नाही, हे बरे झाले, कारण दोन वर्षे जपून ठेवलेल्या त्यांच्या खुणा आणि आवाजाची बसवलेली गती त्या एक्स्टेन्शनमध्येच साठवलेली होती. आम्ही पाहिले तर वरच्या कोपऱ्यात एक लहानशी सूचना त्यांच्या संमतीची वाट पाहत होती. काकूंना ती अक्षरे दिसली नव्हती, इतकेच. सूचना मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. ‘सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचणे व बदलणे’ असा अधिकार ते मागत होते. काकू म्हणाल्या, “सगळ्या म्हणजे माझ्या बँकेच्यासुद्धा?” त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. पान वाचून दाखवणाऱ्याला पान वाचू दिलेच पाहिजे. पण ते सगळ्याच पानांवर कशाला? क्रोममध्ये एक्स्टेन्शनला ‘फक्त मी दाबले असता’ किंवा ‘फक्त या ठरावीक संकेतस्थळांवर’ असे बांधून ठेवता येते. आम्ही वर्तमानपत्रांची तीन संकेतस्थळे तेवढी मोकळी ठेवली. काकूंची दुपार परत मिळाली आणि बँकेचे दारही बंद राहिले.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. त्यात आपल्याकडे काहीच बिघडलेले नसते आणि तरीही सारे बंद पडते. याचे मोठे उदाहरण म्हणजे ४ मे २०१९, शनिवार. त्या दिवशी जगभरच्या फायरफॉक्स वापरणाऱ्यांना आपली एक्स्टेन्शने एकामागून एक बंद होताना दिसली. कारण मोठे शिकण्यासारखे आहे. खोटी एक्स्टेन्शने शिरू नयेत म्हणून फायरफॉक्स बनवणारी मोझिला संस्था प्रत्येक एक्स्टेन्शनवर आपली अंकीय सही करते. त्या सहीमागे प्रमाणपत्रांची साखळी असते. मूळ प्रमाणपत्र कडीकुलुपात, इंटरनेटपासून दूर ठेवलेले. त्याने सही केलेले मधले प्रमाणपत्र रोजच्या कामाला. आणि त्याच्या आधारे प्रत्येक एक्स्टेन्शनची सही. या मधल्या प्रमाणपत्राची मुदत त्या शनिवारी संपली. कडीच निखळल्यावर साखळी कोठली राहणार? पंधरा हजारांहून अधिक एक्स्टेन्शने ब्राउझरच्या लेखी एकदम अविश्वासू ठरली. ब्राउझर ही तपासणी चोवीस तासांतून एकदा करीत असल्याने कुणाचे सकाळी बंद पडले, कुणाचे रात्री. शेजारणीचे चालते आणि आपले चालत नाही, म्हणजे आपणच काहीतरी बिघडवले, असे किती जणींना वाटले असेल!

यात काही जणांचे केवळ जाहिरातींवर निभावले नाही. टोर नावाचा एक ब्राउझर फायरफॉक्सवरच बांधलेला आहे. ज्यांना आपली ओळख लपवणे भाग असते, असे वार्ताहर आणि जुलमी राजवटींत राहणारे लोक तो वापरतात. त्यातील ‘नोस्क्रिप्ट’ नावाचे संरक्षक एक्स्टेन्शनही त्या दिवशी गळून पडले. अशांच्या बाबतीत प्लगिन बंद पडणे ही गैरसोय नव्हे. तो जिवाशी गाठ घालणारा प्रसंग ठरू शकतो.

मोझिलाच्या माणसांनी सगळ्या एक्स्टेन्शनांवर पुन्हा सह्या करीत बसण्याऐवजी मधले प्रमाणपत्रच नवीन मुदतीचे तयार केले आणि ते वापरणाऱ्यांच्या ब्राउझरमध्ये पोहोचवले. लगोलग ५ मे रोजी दुरुस्त आवृत्तीही काढली. दुरुस्ती लवकर मिळावी म्हणून पुष्कळांना माहिती पाठवण्याची सोय चालू करावी लागली होती. या निमित्ताने नाइलाजाने आलेली माहिती आपण ठेवू नये, असे ठरवून त्या आठवड्याची तशी सर्व माहिती पुसून टाकण्याचे संस्थेने जाहीर केले. एखाद्या संस्थेने झालेल्या घोटाळ्याचा हिशेब लोकांपुढे कसा मांडावा, याचा हा चांगला धडा आहे.

आणि त्या दिवशी मोझिलाने लोकांना एक सूचना कळकळीने केली होती. ती आपण प्रत्येकीने लिहून ठेवावी. एक्स्टेन्शन बंद पडले म्हणून ते काढून टाकू नका. का? काढून टाकले की त्यात साठवलेली आपली माहितीही साधारणपणे त्याबरोबर पुसली जाते. थांबलेल्यांचे एक्स्टेन्शन दुरुस्ती येताच जसेच्या तसे जागे झाले. घाईने काढणाऱ्यांना साधन परत मिळाले, पण साठवण गेली.

आता कामाचा क्रम सांगते. स्वयंपाकघरात दिवा लागला नाही तर आपण एकदम वायरी उपटत नाही. आधी शेजारी वीज आहे का पाहतो, मग आपल्या घरातले इतर दिवे पाहतो, मग बटण, मग बल्ब. तसेच येथेही करावे.

पहिली गोष्ट, ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा. अर्धवट झालेले अपडेट पुष्कळदा एवढ्यानेच मार्गी लागते.

दुसरी गोष्ट, यंत्राचे घड्याळ व तारीख पाहावी. हसू नका! प्रमाणपत्राची मुदत ब्राउझर त्या घड्याळावरूनच मोजतो. यंत्रातली बॅटरी संपून तारीख चार वर्षे मागे गेली असेल, तर चांगले प्रमाणपत्रही खोटे ठरते.

तिसरी गोष्ट, दोष एक्स्टेन्शनचा की त्या संकेतस्थळाचा हे ठरवावे. ब्राउझरची खाजगी खिडकी उघडून तेच पान तेथे पाहावे. आपण मुद्दाम मुभा दिलेली नसेल तर तेथे एक्स्टेन्शने सहसा चालत नाहीत. जे पान एरवी अडत होते ते तेथे नीट उघडले, तर खोळंबा एखाद्या एक्स्टेन्शनमुळे आहे. तेथेही अडले, तर बहुधा संकेतस्थळच बदलले आहे किंवा बिघडले आहे, आणि मग आपण एक्स्टेन्शनच्या मागे लागण्यात अर्थ नाही. फायरफॉक्समध्ये याच कामासाठी मदतीच्या यादीत ‘ट्रबलशूट मोड’ आहे. त्यात सगळी जोडणी तात्पुरती बाजूला ठेवली जाते.

चौथी गोष्ट, अनेक एक्स्टेन्शने असतील तर गुन्हेगार कोण ते निम्म्यानिम्म्याने शोधावे. समजा आठ आहेत. चार बंद करावीत. अडचण गेली तर दोष त्या चारांत, राहिली तर उरलेल्या चारांत. मग दोन, मग एक. आठांतून एक शोधावयास तीन पायऱ्या पुरतात. येथेही ‘बंद’ करावयाचे आहे, ‘काढून’ टाकावयाचे नाही. दोन्ही बटणे शेजारी शेजारी असतात, म्हणून सावकाश पाहून दाबावे.

पाचवी गोष्ट, परवानगीची सूचना थांबून राहिली आहे का ते पाहावे. क्रोममध्ये उजव्या हाताला वर, कोड्याच्या तुकड्यासारखे चित्र असते. ते दाबले की यादी दिसते. सूचना पूर्ण वाचल्याशिवाय ‘हो’ म्हणू नये. घड्याळाचा रंग बदलणारे एक्स्टेन्शन जर आपली सगळी पाने वाचू मागत असेल, तर त्याला नम्रपणे नकार द्यावा.

सहावी गोष्ट, शक्य असेल तेथे एक्स्टेन्शनमधील माहितीची नक्कल आधी काढून ठेवावी. बहुतेक चांगल्या साधनांत अशी सोय असते. मात्र पासवर्डांची नक्कल उघड्या फाइलीत ठेवू नये. ते किल्ली पायपुसण्याखाली ठेवण्यासारखे आहे.

एवढे करूनही चालले नाही, तर दोन दिवस थांबावे. सांधा तुमच्या एकटीचा निखळलेला नसतो. त्याच दिवशी हजारो लोकांनी कर्त्याला कळवलेले असते. ही साधने पुष्कळदा एखादा माणूस नोकरी सांभाळून, फावल्या वेळात, विनामूल्य करीत असतो. यूब्लॉक ओरिजिनचे कर्ते रेमंड हिल यांनी तर देणग्याही घेतल्या नाहीत. अशा माणसाला “तुमचे चालत नाही” एवढेच चिडून लिहिण्यात काय फायदा? कोणता ब्राउझर, कितवी आवृत्ती, केव्हापासून, काय केले असता काय झाले आणि काय व्हावयास हवे होते, अशा पाच ओळी लिहिल्या तर त्याचा अर्धा त्रास वाचतो.

आता शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. एक्स्टेन्शन बंद पडते तेव्हा आपण अडलेल्या असतो, आणि अडलेल्या माणसाला फसवणे सोपे जाते. आपण त्याच नावाचे दुसरे काही शोधू लागतो आणि जे पहिले दिसेल ते घेतो. २०१८ च्या एप्रिलमध्ये अॅडगार्ड या संस्थेने दाखवून दिले की, क्रोमच्या दुकानात जाहिराती अडवण्याच्या नावाखाली पाच खोटी एक्स्टेन्शने बसली होती आणि दोन कोटींहून अधिक लोकांनी ती घेतली होती. नाव, चित्र, सारे खऱ्यासारखे! म्हणून पर्याय घेताना मूळ कर्त्याच्या स्वतःच्या पानावरून दुव्याने जावे.

खरे एक्स्टेन्शनही हातबदल झाल्यावर वाईट होऊ शकते. ‘द ग्रेट सस्पेंडर’ नावाचे, न लागणारी पाने झोपवून यंत्राचा भार हलका करणारे, वीस लाखांहून अधिक लोकांचे साधन २०२० साली कर्त्याने दुसऱ्याला विकले. पुढे त्यात घातक भाग आढळल्याने फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते बंद केले. आणि डिसेंबर २०२४ मध्ये, नाताळच्या सुटीत, सायबरहेवन या सुरक्षा क्षेत्रातल्याच कंपनीच्या माणसाला खोटे पत्र पाठवून चोरट्यांनी तिच्या एक्स्टेन्शनचे विषारी अपडेट लोकांना धाडले. म्हणजे पाहा, तेथे एक्स्टेन्शन बिघडले नव्हते, उलट उत्तम चालत होते. आणि तेच धोक्याचे होते. तेव्हा बंद पडलेले एक्स्टेन्शन हे नेहमीच संकट नसते. कधी कधी ब्राउझरने आपल्या रक्षणासाठीच ते बंद केलेले असते. ‘हे हानिकारक आहे’ अशी सूचना दिसली तर ते पुन्हा चालू करण्याच्या युक्त्या शोधू नयेत. हे एकच प्रकरण असे की, ज्यात मी निःशंकपणे काढून टाका म्हणेन, आणि त्यानंतर महत्त्वाचे पासवर्ड बदला असेही म्हणेन.

कुणी फोन करून “तुमचा ब्राउझर बिघडला आहे, आम्ही दुरुस्त करतो, आम्हाला तुमचा पडदा दाखवा” असे म्हणाले तर फोन ठेवून द्यावा. ब्राउझरवाले कुणाच्या घरी फोन करीत नाहीत.

माझी मंडळाला एक विनंती आहे. आपल्याकडे भिशीची वही आहे, हळदीकुंकवाच्या खर्चाची वही आहे. तशी आणखी एक वही करू या. प्रत्येकीने आपण कोणती एक्स्टेन्शने वापरतो, ती कशासाठी, त्यांचा कर्ता कोण आणि त्यातली माहिती कोठे नकलून ठेवली आहे, हे एका पानावर लिहावे. पासवर्ड मात्र त्यात चुकूनही लिहू नयेत. लिहिताना निम्मी एक्स्टेन्शने लागतच नाहीत असे आढळेल, ती काढावीत. जितके सांधे कमी तितका खोळंबा कमी. बँकेच्या कामासाठी तर एकही एक्स्टेन्शन नसलेली ब्राउझरची वेगळी प्रोफाइल ठेवणे उत्तम. आणि महिन्यातून एका शनिवारी दुपारी मंडळाच्या खोलीत मी बसेन. ज्यांचे काही अडले असेल त्यांनी यंत्र घेऊन यावे. विशेषतः ज्या आजींची आणि काकूंची नजर किंवा हात त्यांना साथ देत नाहीत, त्यांना शेजारणींनी घेऊन यावे. आपल्यासाठी जे दोन दिवसांचे थांबणे असते, ते त्यांच्यासाठी दोन दिवस जगाशी संबंध तुटणे असते.

भगिनींनो, हे सारे तरुणांचे काम आहे, आपल्याला कसे जमणार, असे कृपा करून म्हणू नका. शिवणयंत्राचा टाका सुटू लागला तर दोरा, सुई, ताण असे एकेक तपासून आपण दोष शोधतोच ना? तीच चिकाटी येथे हवी, दुसरे काही नको.